कॅरव्हॅनला कोकणात पाच थांबे द्या : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

सन्माननीय महोदय,

राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन (राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) पर्यटनाचे धोरण आणले. मुंबईहून गाडीमागे ट्रेलर जोडून, सोबत कुत्री घेऊन कोकण किनाऱ्याने जाणाऱ्यांना या धोरणाचा आधार वाटतो. मात्र त्याची अंमलबजावणी मोठमोठ्या कॅरव्हॅन पार्कसाठी अडून राहू नये. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर आणि तारकर्ली येथे पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेतच. प्रत्येक आवारात चार ट्रेलरपुरती जागा नीट तयार केली, तर मुंबई ते मालवण हा प्रवास आटोपशीर टप्प्यांत होतो.

गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी १० ते ११ मीटर होते. म्हणून एका ट्रेलरसाठी १२ बाय ४ मीटर जागा लागते, तीही एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल अशी. ट्रेलर मागे घेताना स्टीअरिंग उलटे फिरवावे लागते. अंधारात, माडांच्या बुंध्यांमधून हे काम नवख्याला जमत नाही. जमीन जांभ्याच्या चिऱ्यांची चालेल, पण सपाट हवी. गॅसवर चालणारा कॅरव्हॅनचा फ्रिज ३ अंशांहून जास्त कलला की त्यातला अमोनिया फिरेनासा होतो आणि आतले अन्न, कुत्र्यांच्या औषधांसकट, खराब होते.

विजेची जोडणी खोलीतून ओढलेल्या एक्स्टेंशनवर देऊ नये. बारीक वायरच्या गुंडाळीतून एसी चालवला की वायर तापून वितळते. प्रत्येक जागेला १६ अँपिअरचा झाकणबंद सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच) हवा. खाऱ्या हवेत अर्थिंगची पट्टी गंजते, मग कुठे गळती झाली की ट्रेलरच्या पत्र्यात वीज उतरते. माणसाच्या पायात चप्पल असते. ओल्या पायांनी पत्र्याला टेकणाऱ्या कुत्र्याला पहिला झटका बसतो. अर्थिंगची तपासणी दर वर्षी पावसाळ्यानंतर व्हायलाच हवी.

ट्रेलरमधल्या शौचालयाची टाकी साधारण २० लिटरची असते. ती ओतायला सेप्टिक टँकला जोडलेला ४ इंची, झाकणाचा पाइप आणि शेजारी धुण्याचा नळ, एवढे पुरे. फॉर्मल्डिहाइडची रसायने सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतात, म्हणून तिथे फक्त एन्झाइमयुक्त द्रव्यांना परवानगी असावी.

आता खाड्यांविषयी. सगळे पूल होईपर्यंत आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेरीबोटी हाच किनाऱ्याचा रस्ता आहे, आणि ट्रेलरची खरी परीक्षा तिथेच होते. ट्रेलरच्या चाकांमागे २.५ मीटर शेपूट (मागे आलेला भाग) आणि ते जमिनीपासून ४५ सेंटीमीटर उंच असेल, तर जेटीची उतरण आणि बोटीची फळी यांच्या चढणीतला फरक १० अंशांपुढे गेला की शेपूट घासते. पाणी जितके खाली, तितकी जेटीची उघडी उतरण लांब आणि शेवाळलेली. त्यात १००० किलोच्या ट्रेलरचा ७० ते १०० किलो भार गाडीच्या हुकावर असावाच लागतो, नाहीतर वेगात ट्रेलर झोकांड्या खातो. हाच भार गाडीची पुढची चाके हलकी करतो. पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी मग ओल्या शेवाळावर जागच्या जागी चाके फिरवत राहते, आणि मागे पाणी असते.

किनाऱ्यावरच्या लोकांना भरतीचे गणित तोंडपाठ असते: तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचार, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती. म्हणजे उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटी पहाटे पाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास येते. पर्यटक नेमके याच सुमारास, ऊन टाळायला, जेटीवर पोहोचतात. म्हणून प्रत्येक जेटीवर त्या दिवशी ट्रेलर कोणत्या वेळात चढवायचा याचा फलक लावा. उतरणीच्या काँक्रीटला आडव्या खाचा पाडा आणि शेवाळ आठवड्याला खरवडून काढा. ज्या वस्तीतून ट्रेलर जात नाही, तिथला सूचनाफलक वस्तीच्या तोंडाशी लावून उपयोग नाही. गडग्यांमध्ये (दगडी कुंपणांमध्ये) अडकण्याआधी, गाडी वळवायला जागा असते तिथे तो हवा.

फेरीबोटीवर इंजिन बंद करावे लागते, एसीही बंद होतो. बाहेर ३२ अंश असताना बंद गाडीतले तापमान १० मिनिटांत सुमारे १० अंशांनी चढते. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि दमट हवेत तेही नीट जमत नाही. शरीराचे तापमान ४१ अंशांपुढे गेले की जिवावर बेतते. पट्ट्याने बांधलेल्या कुत्र्याला डेकवर सावलीत उभे राहू द्यावे, असा लेखी नियम करा. लोखंडी डेक दुपारी पंजे भाजतो, म्हणून एका कोपऱ्यात ताडपत्री आणि काथ्याची चटई असावी. चालत्या ट्रेलरमध्ये मात्र कुत्रा ठेवण्यास सक्त मनाई हवी. तिथे वारा नसतो आणि आत काय चालले आहे ते चालकाला कळत नाही.

निवासस्थानांत कुत्र्यांना प्रवेश देताना चालू वर्षाच्या रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिस लसींची नोंद जरूर तपासा. आवारात चिऱ्यांचे ढीग आणि वाढलेले गवत ठेवू नका. जांभ्याच्या सड्यावर (कातळपठारावर) फुरसे हा विषारी साप असतो आणि कुत्रा आधी नाक घालतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक, वेळ आणि तिथे सर्पदंशावरचे प्रतिविष आहे की नाही, हे दर्शनी भागात लिहा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढून झाल्यावर वाळूत शिंगाळा माशाचे काटे आणि विषारी केंड मासे पडलेले असतात, त्याचीही सूचना असावी.

आणि एक बंधन आम्ही स्वतः मागतो. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, पिल्ले बाहेर यायला सुमारे ५० दिवस लागतात, आणि कुत्र्याला वास आला तर ते घरटे काही मिनिटांत उकरले जाते. नोव्हेंबर ते मे या काळात विणीच्या पट्ट्यांवर कुत्र्यांना, पट्ट्यासहसुद्धा, प्रवेशबंदी करा. वाळूवर गाडी किंवा ट्रेलर उतरवणाऱ्याला बारा महिने दंड करा. कुत्र्यांना फिरवायला पुळणीपासून दूर, सावलीची वेगळी जागा आखून द्या.

पाचही ठिकाणी एकदम काम शक्य नसेल, तर सुरुवात हरिहरेश्वरपासून करावी. उत्तरेला दिघी, दक्षिणेला बागमांडला अशा दोन जेटींच्या मध्ये ते आहे. भरतीची वेळ हुकली तर ट्रेलरला रात्र काढायला तिथेच थांबावे लागते. चिरे बसवण्याचे आणि वायरिंगचे काम पाऊस सरल्यावर लगेच हाती घेतले, तर नाताळच्या गर्दीआधी ते वापरात येईल. जागेची आखणी आणि जेटींच्या उतरणीची मोजमापे करायला आम्ही आपल्या अभियंत्यांसोबत विनामोबदला येऊ.

आपले,
कुत्र्यांसह कोकणात ट्रेलर घेऊन जाणारे मुंबईकर