पार्डनरची कबुली गाळू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनात सादर केलेल्या एकांकिकेचे वृत्त आपण ठळकपणे छापलेत, याबद्दल प्रथम आभार. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी जेफ्री चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील पार्डनर हे ढोंगी पात्र आजच्या काळात आणून विद्यार्थ्यांनी त्याला लाखो फॉलोअर असलेला रीलस्टार बनवले होते. मी तो प्रयोग प्रेक्षकांत बसून पाहिला. इंग्रजी साहित्य शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला असा प्रयोग खान्देशात होतो आहे याचा आनंद होणारच आणि मुलांच्या अभिनयाबद्दल माझी काही तक्रार नाही. मात्र एकांकिकेच्या शेवटी त्या रीलस्टारचा मदतनीस त्याचे खासगी बोलणे चोरून चित्रित करतो, ते व्हायरल होते, पोलीस येतात आणि टाळ्या पडतात, हा शेवट मूळ पात्राच्या अगदी विरुद्ध टोकाचा आहे. चॉसरच्या पार्डनरचे बिंग दुसरे कोणी फोडत नाही. तो ते स्वतः फोडतो, मोठ्या आवाजात, पुढे ज्यांच्याकडून पैसे काढायचे आहेत त्यांच्याच समोर. हे गाळले तर उरतो तो कोणत्याही मालिकेत सापडणारा भोंदूबाबा, आणि त्याच्यासाठी चॉसरपर्यंत जाण्याचे कारण राहत नाही.

ज्यांनी मूळ काव्य वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सुमारे 1387 पासून चॉसर या काव्यावर काम करीत होता आणि 1400 साली त्याचा मृत्यू झाला तेव्हा ते अपुरेच होते. लंडनजवळच्या साउथवर्क येथील एका खाणावळीत जमलेले यात्रेकरू संत थॉमस बेकेटच्या समाधीच्या दर्शनाला कँटरबरीकडे निघतात आणि वाटेत प्रत्येकाने गोष्टी सांगाव्यात असे ठरते. त्या मेळ्यात हा पार्डनर आहे. पापाबद्दल भोगावी लागणारी शिक्षा दानधर्माच्या बदल्यात कमी करणारी क्षमापत्रे गावोगाव फिरून देणे हा त्याचा व्यवसाय असून, नुकतीच रोमहून आलेली गरमागरम क्षमापत्रे त्याच्या मांडीवरच्या झोळीत ठासून भरलेली आहेत. शिवाय जवळ पवित्र अवशेषांचा संग्रह आहे. उशीचा अभ्रा तो मेरीमातेचे वस्त्र म्हणून दाखवतो, कापडाचा एक तुकडा संत पीटरच्या होडीच्या शिडाचा म्हणून मिरवतो आणि काचेच्या भांड्यात चक्क डुकराची हाडे ठेवतो. या धंद्यातून वर्षाला शंभर मार्क (त्या काळचे इंग्रजी हिशेबाचे चलन) सुटतात, असे तो स्वतःच सांगतो. खुद्द चॉसरला 1367 साली राजाकडून मंजूर झालेले वर्षासन वीस मार्कांचे होते, म्हणजे या गृहस्थाची कमाई कवीच्या राजाश्रयाच्या पाचपट होती.

विद्यार्थ्यांनी त्यांच्या नायकाच्या हाती गोरेपणाचे मलम आणि वजन घटवण्याची पावडर दिली होती. प्रेक्षक हसले. पण मूळ पात्राच्या पोतडीतील दोन वस्तू त्यांनी नीट पाहिल्या असत्या तर त्यांना इतक्या दूर, शहरी बाजारात जावे लागले नसते. पहिली वस्तू म्हणजे मेंढीच्या खांद्याचे हाड. ते विहिरीत बुडवावे आणि गाय, वासरू, मेंढी किंवा बैल विषबाधेने फुगला असेल तर त्या पाण्याने त्याची जीभ धुवावी, म्हणजे जनावर बरे होते. देवीसारखे फोड आणि खरूजही त्याने जाते, आणि मालकाने दर आठवड्याला कोंबडा आरवण्यापूर्वी उपाशीपोटी ते पाणी प्यायल्यास गोठ्यातील जनावरांची संख्या वाढते. (संशयी नवऱ्याचा संशयही याच पाण्याने फिटतो, असे तो जाता जाता सांगतो, ते एकांकिकेत घेतले असते तर हशा अधिक मिळाला असता.) दुसरी वस्तू हातमोजा. त्यात हात घालून गहू किंवा ओट पेरणाऱ्याचे पीक वाढते, अट एवढीच की आधी चार पैसे दक्षिणा द्यावी. म्हणजे या माणसाचे गिऱ्हाईक शेतकरी आहे आणि गोठ्यातली रोगराई व शेतातला उतारा ही त्याची बाजारपेठ आहे.

हे खान्देशात कोणाला समजावून सांगावे लागेल काय? लंपी चर्मरोगाची राज्यातील साथ 2022 साली सुरू झाली ती आमच्याच रावेर तालुक्यातून. रावेर-यावलच्या केळीबागांमध्ये सीएमव्हीचा, म्हणजे हरण्या रोगाचा, प्रादुर्भाव झाला की रोपे उपटून टाकण्याखेरीज इलाज नसतो, हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. नेमक्या अशा वेळी, जेव्हा शास्त्राजवळ ‘झाड काढून टाका’ एवढेच उत्तर असते, तेव्हा मोबाइलवर एखादा गोड आवाजाचा माणूस बांधावर उभा राहून एका बाटलीत सगळ्याचे औषध असल्याचे सांगतो. कपाशीच्या हंगामात बोगस बियाण्यांची तीच कथा. पार्डनरला आजचा करायचाच असेल तर तो जळगाव-धुळ्याकडच्या शेतात, डोक्याला उपरणे गुंडाळून, अहिराणीत बोलताना दिसला पाहिजे. अहिराणी गाण्यांना आणि विनोदी चित्रफितींना समाजमाध्यमांवर मिळालेला मोठा प्रेक्षकवर्ग पाहता, आपल्या बोलीतून बोलणाऱ्या माणसावर आपण किती लवकर विश्वास ठेवतो, हेही त्यातून दिसले असते.

त्याच्या युक्त्या तर आजच्या वाटाव्यात इतक्या ओळखीच्या आहेत. प्रवचनात तो मधूनमधून लॅटिनचे शब्द पेरतो आणि आपण ते केशरासारखे रंगापुरते टाकतो हे कबूल करतो. आज त्याच जागी ‘नॅनो’, ‘क्वांटम’ आणि ‘बायोॲक्टिव्ह’ हे शब्द येतात. त्याच्या धंद्यातील कोणाला कोणी दुखावले असेल तर त्या माणसाचे नाव न घेता, पण ऐकणाऱ्यांना बरोबर कळेल अशा खुणांनी, तो व्यासपीठावरून त्याची बदनामी करतो. नाव न घेता कोणाची तरी लाज काढणारे आणि खाली प्रतिक्रियांतून ते नाव बाहेर काढून घेणारे ‘लाइव्ह’ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नवे नाही. सर्वांत चलाख युक्ती मात्र निराळी आहे. अवशेष पुढे मांडल्यावर तो जाहीर करतो की, ज्याने सांगायला लाज वाटेल असे भयंकर पाप केले आहे, किंवा ज्या बाईने नवऱ्याला फसवले आहे, त्यांना येथे दान करण्याची शक्ती लाभणार नाही. झाले. आता जागेवर बसून राहणे म्हणजे साऱ्या गावासमोर गुन्हा कबूल करणे, त्यामुळे सगळे रांगेत उभे राहतात. ‘खरा भक्त असाल तर हा संदेश पुढे पाठवाल’ असे लिहिणाऱ्यांनी यात काडीचीही भर घातलेली नाही.

आता त्या कबुलीकडे वळतो. पार्डनर यात्रेकरूंना सांगतो की माझ्या प्रवचनाचा विषय नेहमी एकच असतो, ‘लोभ हे सर्व दुष्कर्मांचे मूळ आहे’, आणि मी तो लोभापोटीच सांगतो. लोकांचे आत्मे मेल्यानंतर कुठे भटकतात याच्याशी मला कर्तव्य नाही. मला पैसा, लोकर, चीज आणि गहू हवा आहे, मग तो देणारी गावातली सर्वांत गरीब विधवा असो आणि तिची मुले उपाशी मरोत. इतके सांगून तो म्हणतो की मी स्वतः दुर्गुणी असलो तरी नीतीची गोष्ट मला उत्तम सांगता येते. आणि तो ती खरोखर उत्तम सांगतो. साथीच्या दिवसांत मृत्यूलाच ठार मारायला निघालेले तीन मद्यपी, एका म्हाताऱ्याने दाखवलेल्या झाडाखाली त्यांना सापडलेला सोन्याच्या नाण्यांचा ढीग, एकट्याला सारे मिळावे म्हणून सर्वांत धाकट्याने दारूत कालवलेले विष आणि तो परतताच त्याला भोसकून तीच दारू पिऊन मेलेले उरलेले दोघे, ही ती गोष्ट. तिचे जुने रूप पाली जातककथांपैकी वेदब्भ जातकात आढळते, म्हणजे ती आपल्याकडूनच फिरत फिरत तिकडे गेलेली दिसते.

गोष्ट संपते, सगळे भारावलेले असतात, आणि ज्यांना आपण घटकेपूर्वी सगळी लबाडी उलगडून सांगितली त्यांच्याचकडे वळून पार्डनर म्हणतो की माझ्या झोळीत क्षमापत्रे आहेत, पुढे या, गुडघे टेका, नाणी द्या. असे तो का करतो यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. गोष्टीपूर्वी तो वाटेत दारू प्यायला थांबतो म्हणून नशेत बोलून गेला असे काहींना वाटते, काहींना तो सवयीने नेहमीचे भाषण पुरे करतो असे वाटते. माझे मत असे की, कबुली हाच त्याच्या विक्रीचा सर्वांत प्रभावी भाग आहे. लपवणाऱ्याचा संशय येतो. जो हसत हसत ‘मी हे पैशासाठीच करतो’ म्हणतो, त्याच्याबद्दल ‘निदान माणूस सरळ तरी आहे’ असे वाटू लागते आणि त्या सरळपणाचे श्रेय त्याच्या मालालाही मिळते. आजचा प्रसिद्ध चेहरा ‘पडद्यामागचे सगळे सांगतो’ म्हणून चित्रफीत काढतो, मागची जाहिरात किती लाखांची होती तेही सांगतो, आणि त्याच चित्रफितीच्या खाली पुढच्या मालाची लिंक असते.

म्हणूनच या पात्रावरून कायद्याकडे पाहिले तर थोडे अस्वस्थ व्हायला होते. समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींनी पैसे किंवा फुकट माल घेऊन शिफारस केली असेल तर तसे स्पष्ट आणि सहज दिसेल असे नमूद करावे, असे मार्गदर्शन केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये जारी केले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे सर्व आवश्यक आहे आणि त्याची अंमलबजावणी अधिक कडक व्हायला हवी. परंतु ‘सशुल्क भागीदारी’ ही पाटी लावण्याची सक्ती पार्डनरला मुळीच जड गेली नसती. त्याने ती पाटी झोळीवर भरतकाम करून मिरवली असती.

एकांकिकेच्या निवेदनात तुकोबांच्या ‘अंगा लावूनियां राख । डोळे झांकुनी करिती पाप’ या ओळी वापरल्या होत्या. ओळी अमोल आहेत, पण येथे त्या लागू पडत नाहीत, कारण तुकोबांचा भोंदू राखेआड लपतो आणि चॉसरचा पार्डनर राख पुसून दाखवतो. तसेच, वृत्तात ‘हा जणू इंग्रजांचा चांगदेव’ असे जे वाक्य आले आहे ते तर अन्यायाचे आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्याचे मंदिर आहे तो चांगदेव आख्यायिकेत वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन, शिष्यांच्या लवाजम्यासह ज्ञानदेवांना भेटायला निघतो खरा, आणि त्याला लवाजम्याचा सोस होता एवढे साम्य मान्य करता येईल. पण त्याचा गर्व खरा होता, खोटा माल नव्हता, आणि कोऱ्या पत्राला मिळालेल्या पासष्ट ओव्यांच्या उत्तरापुढे व वयाने लहान असलेल्या मुक्ताईपुढे तो नमला. पार्डनर कोणापुढेही नमत नाही.

आणखी एका बाबीकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. नायकाची चाल-बोली बायकी करून विद्यार्थ्यांनी बराच हशा मिळवला. याला मूळ काव्यात आधार नाही असे नाही. मेणासारख्या पिवळ्या केसांचा, दाढी न उगवलेला, बकरीसारख्या बारीक आवाजाचा असा तो रंगवला आहे आणि त्याच्या पुरुषत्वाबद्दल निवेदक कुत्सित शेराही मारतो. मात्र शेवटी काय होते ते पाहावे. पार्डनर पहिले गिऱ्हाईक म्हणून मेळ्याबरोबर निघालेल्या खाणावळीच्या मालकाला पुढे बोलावतो, तेव्हा मालक त्याच्या खोट्या अवशेषांवर एक वाक्य बोलून लगेच त्याच्या शरीरावर घसरतो, इतक्या घाणेरड्या शब्दांत की पार्डनर रागाने मुका होतो. सगळे हसतात. मग यात्रेकरूंपैकी एक सरदार मध्ये पडतो, दोघांना एकमेकांचे चुंबन घ्यायला लावतो आणि मेळा पुढे निघतो. त्या हशात फसवणुकीचा प्रश्न विरून गेला, त्या गरीब विधवेच्या गव्हाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. समाजमाध्यमांवर आपणही हेच करतो. लबाडाच्या दिसण्यावर, जातीवर, उच्चारांवर हजारो शेरे पडतात आणि त्याने विकलेल्या बाटलीत काय होते हे विचारणारी प्रतिक्रिया कुठेतरी तळाशी राहते.

विद्यार्थी ही एकांकिका पुढे स्पर्धेत उतरवणार आहेत असे कळते. त्यांना माझी विनंती आहे की चोरून केलेल्या चित्रीकरणाचा प्रसंग काढावा, नायकाला सर्व कबुली स्वतःच्या तोंडाने, प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाहून देऊ द्यावी, त्यानंतर त्याला ती तीन मद्यपींची गोष्ट पूर्ण ताकदीने सांगू द्यावी आणि मग त्याने झोळी घेऊन खरोखर प्रेक्षागृहात उतरावे. किती हात खिशाकडे जातात ते दिसेल.

विनंती आपल्यालाही आहे. ज्या अंकात हे वृत्त आले त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत वशीकरण, गृहक्लेश आणि ‘चोवीस तासांत शंभर टक्के खात्रीशीर’ उपायांच्या तीन चौकटी होत्या, आणि पानाच्या तळाशी, जाहिरातीतील दाव्यांशी संपादक सहमत असतीलच असे नाही, ही आपली नेहमीची ओळही होती. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून लागू आहे. या जाहिराती स्वीकारताना आपण कोणती तपासणी करता, हे याच सदरात छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक,
अमळनेर, जि. जळगाव