छप्पन्न एपीओवाल्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

तुमचं नाव कुठे छापायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. तो शब्द पाळते आहे. पण ‘पाठवणाऱ्याकडे परत’ ही माझी कथा आता पुष्कळांच्या हाती गेली आहे, आणि तिच्यात जे वाचणाऱ्याच्या गळ्याशी येतं ते नागपूरजवळच्या कामठीहून, तुमच्याकडून आलेलं आहे, हे वाचकांना कळायलाच हवं. म्हणून हे पत्र उघडं लिहिते.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ही कथा ज्या विश्वात घडते ते ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगते. वॉरहॅमर ४०,००० हा गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने १९८७ साली आणलेला, टेबलावर खेळायचा युद्धाचा खेळ. बोटभर उंचीचे सैनिक हाताने रंगवायचे आणि त्यांच्या फौजा एकमेकांसमोर उभ्या करायच्या. या खेळाभोवती पुढे कथा-कादंबऱ्यांचं मोठं रान वाढलं. काळ आजपासून अडतीस हजार वर्षांनंतरचा. माणसाचं साम्राज्य दहा लाख ग्रहांवर पसरलेलं. त्याचा सम्राट दहा हजार वर्षं सिंहासनावर, धड जिवंत नाही, धड मेलेला नाही, आणि त्याला तसं टिकवण्यासाठी रोज हजार माणसांचा बळी जातो. युद्ध संपलेलं कोणी पाहिलेलं नाही. या जातीच्या काळोख्या कथांना आता ग्रिमडार्क म्हणतात.

बहुतेकांना त्यातले चिलखतातले महाकाय योद्धे आवडतात. मला साधा शिपाई आवडतो. जो एकदा आपल्या ग्रहावरून पलटणीबरोबर निघाला की बहुधा परत येत नाही, आणि ज्याच्या मरणाची कुठे नोंदही होत नाही. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. १४ जानेवारी १७६१ नंतर पेशव्यांच्या हाती लागलेलं सावकारी सांकेतिक भाषेतलं पत्र आपण शाळेत ऐकलेलं असतं : दोन मोत्यं गळाली, मोहरा हरवल्या, आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोत्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. मला कथा लिहायची होती ती खुर्द्याची.

आणि नेमकी तिथेच ती अडली होती. दहा लाख ग्रह, अब्जावधी मेलेले. इतक्या मोठ्या आकड्यासमोर एका शिपायाचं मरण वाचणाऱ्याला टोचावं कसं? मैत्रीण म्हणाली, आमच्या ओळखीचे एक काकाजी आहेत, फौजी डाकेत नोकरी केलेले, त्यांना दाखव. भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात आम्ही ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रोने आणि तिथून पुढे ऑटोने कामठीला आलो. काकूंनी आधी पन्हं दिलं. तुम्ही कूलरसमोर बसून सगळी पानं वाचलीत, कुठला ग्रह, कुठलं साल, काही विचारलं नाहीत. फक्त म्हणालात, “मेला तो, ठीक हाये. पन त्याले पत्र कोन लिहे?”

काकाजी, त्या एका प्रश्नाने कथेला दार मिळालं.

मग तुम्ही शिकवायला बसलात. कामठीत फौजी डाक सेवेचं केंद्र आहे हे मला नागपुरात वाढूनही माहीत नव्हतं. सैनिकाच्या पत्त्यात गाव का नसतं, हे तुम्ही समजावलंत. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. पलटण बर्फात आहे की वाळवंटात, हे पाकिटावरून कोणाला कळता कामा नये. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावरसुद्धा जागेचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. म्हणजे घरची माणसं जागेला पत्र लिहीतच नाहीत, माणसाला लिहितात, आणि तो माणूस आज कुठे आहे हे शोधणं हे डाकेचं काम. १८५६ साली इराणच्या मोहिमेबरोबर आपल्या फौजेची पहिली फील्ड पोस्ट ऑफिसं गेली, तेव्हापासूनची फौजी डाकेची गोष्ट तुम्ही इतक्या अभिमानाने सांगितलीत की मी वहीत लिहायचंच विसरले आणि नुसती ऐकत राहिले.

माझ्या विश्वात क्रीग नावाचा एक ग्रह आहे. तिथल्या शिपायांचे चेहरे कायम मुखवट्याआड, आणि त्यांना नावाने नव्हे तर क्रमांकाने ओळखतात. मी ते सांगितलं तेव्हा तुम्ही खुर्चीत सरळ बसलात. क्रमांक आमच्याकडेही आधीच असतो, म्हणालात, पण पुढे नाव असतंच. नाव नसलेलं पाकीट मी हातात घेतलेलं नाही. कथेतला माझा डाकेचा कारकून हे वाक्य जवळपास तुमच्याच शब्दांत बोलतो. तेवढी परवानगी मी गृहीत धरली आहे.

सगळ्यांत मोलाचं तुम्ही दिलंत ते पुढे. मी विचारलं, पत्र पोचलं आणि माणूसच राहिला नसेल तर? तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग सांगितलंत, की ते पाकीट पाठवणाऱ्याकडे परत जातं, कारण लिहून. पण घरी सरकारी खबर आधी पोचली आहे याची खात्री झाल्याशिवाय ते सोडायचं नाही. आईने स्वतःच लिहिलेलं पत्र न फोडलेलं परत येतं आणि त्यातून तिला कळतं, असं होऊ द्यायचं नाही. तोवर ते पाकीट कोणाच्या तरी टेबलावर थांबतं, आणि त्या टेबलामागे बसलेल्या माणसाला सगळं माहीत असतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्या विश्वात सरकारी खबर कधीच जाणार नाही. तिथला राज्यकारभार इतका अवाढव्य आहे, की कित्येक खाती आपण कशासाठी सुरू झालो हे विसरून कागद हलवत बसली आहेत. मनातून मनात संदेश पाठवणारे अॅस्ट्रोपाथ तिथे आहेत, पण ते सेनापतींसाठी. शिपायाच्या आईसाठी कोणी त्यांना शिणवत नाही. पत्र जातं जहाजाने, आणि तिथला जहाजांचा मार्ग असा बेभरवशाचा, की निघालेलं जहाज कधी शतकानेही उशिरा पोचतं. मग माझ्या कारकुनाने काय करायचं? नियम सांगतो, खबर गेल्याशिवाय पत्र सोडू नकोस. खबर जाणारच नाही. म्हणजे ढिगाऱ्यातल्या प्रत्येक पाकिटासाठी त्यानेच ठरवायचं की ती खबर आपण व्हायचं की नाही. कथा तिथे उभी राहिली. तलवार नाही, तोफ नाही. एक माणूस, एक शिक्का आणि पाकिटांचा डोंगर. मला तरी ते कुठल्याही रणांगणापेक्षा भयंकर वाटतं.

तो डोंगर केवढा असावा याचा अंदाज मला इतिहासाने दिला, पण तिकडे पाहायला तुम्हीच लावलंत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेची डाक लावायला लंडनच्या रीजंट्स पार्कात प्रचंड लाकडी शेड उभारली होती. युद्ध संपेपर्यंत तिथून २ अब्ज पत्रं आणि ११ कोटी ४० लाख पार्सलं गेली, आणि ती लावणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या. म्हणून माझ्या जहाजावरचा वर्गवारीचा विभागही बायकांचा आहे, आणि कारकुनाच्या वरची अधिकारीही बाईच. याच युद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या आपल्याकडच्या शिपायांपैकी पुष्कळांना लिहिता येत नव्हतं. ते दुसऱ्याकडून पत्रं लिहवून घेत, आणि सेन्सॉर ती वाचत. त्यांतले उतारे अनुवादात टिकले आहेत. कथेतलं ते पत्र, ज्यात मुलगा “मी बरा आहे” एवढंच तीनदा लिहवून घेतो, ते तिथून सुचलं.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. अशा कथा इंग्रजीतच शोभतात, मराठीत त्या ओढूनताणून वाटतात, असं मला अनेकांनी ऐकवलं. तुम्ही कथेचा दुसरा खर्डा मोठ्याने वाचून दाखवलात, तेव्हा तसं मुळीच वाटलं नाही. शिधा, कूच, पलटण, छावणी, हजेरी, पहारा. आपल्याकडे फौजेची भाषा आधीपासून आहे. तुम्ही पेन्सिलीने ज्या ओळींखाली रेघा मारल्यात त्यांतली प्रत्येक ओळ तोंडी वाचताना अडत होती, आणि त्या सगळ्या मी बदलल्या.

धरमपेठेत आमची मंडळी रविवारी जमते, तिथे ही कथा वाचली. तलवारीशिवाय करमत नाही म्हणणारी पोट्टी शेवटपर्यंत हलली नाहीत. एकाने पुढच्या आठवड्यात त्याची नवी पलटण दाखवली. प्रत्येक सैनिकाच्या पायाखालच्या चकतीच्या आतल्या बाजूला त्याने बारीक अक्षरात एकेक क्रमांक आणि एकेक नाव लिहिलं होतं. खेळताना ते दिसत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, माझ्याकडचा एकही आता बिननावाचा मरणार नाही. हे तुमच्यामुळे झालं आहे, काकाजी. तुम्ही ज्या माणसांची पत्रं पोचवलीत त्यांच्याविषयी तुम्ही एक अक्षरही बोलला नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पण तुम्ही त्यांना विसरला नाहीत, हे त्या पोराच्या ब्रशापर्यंत पोचलं.

काकूंचेही आभार. माझ्यासोबत येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि आईने मुलाला लिहिलेलं कथेतलं पत्र त्यांनीच दुरुस्त केलं. “आई एवढं छान लिहीत नसते, ती जेवला का विचारते,” म्हणाल्या. आता त्या पत्राची सुरुवात तशीच आहे.

छापील प्रत सोबत पाठवते आहे, मोठ्या अक्षरांत, म्हणजे चष्म्याचा त्रास होणार नाही. पुढची कथा वेढ्यात अडकलेल्या एका किल्ल्याची आहे, जिथे शिधा मोजून वाटणारा हवालदार मुख्य पात्र आहे. वाटप कसं होतं, कमी पडलं तर आधी कोणाचं कापतात, उपाशी पलटणीसमोर तो हवालदार जेवतो कुठे, असे बरेच प्रश्न लिहून ठेवले आहेत. पावसाळ्यात तुम्हाला सवड असेल तेव्हा येईन. तुमच्या शिधा खात्यातल्या मित्रांपैकी कोणी कामठीत असतील तर त्यांनाही बोलावून ठेवा.

तुमची नम्र,
धरमपेठेतली कथावाली मुलगी