भाड्याच्या कॅमेऱ्याचा मेनूही तपासून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीची लग्ने झाली की व्हिडिओ कॅमेरे भाड्याने फिरू लागतात. आज साखरपुडा, उद्या शाळेचे स्नेहसंमेलन, परवा कीर्तन. देताना बॅटऱ्या, चार्जर, कार्ड मोजून दिले जातात. आदल्या माणसाने मेनूत काय बदलून ठेवले आहे, ते मात्र ना देणारा पाहतो ना घेणारा. अक्षता पुन्हा पडत नाहीत, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत जास्त नुकसान फ्रिक्वेन्सीच्या सेटिंगमुळे होते. काही मॉडेलांत ती ‘सिस्टिम फ्रिक्वेन्सी’ म्हणून सापडते, काहींत ‘एनटीएससी/पाल सिलेक्टर’ म्हणून (एनटीएससी ही ६० हर्ट्झची व्हिडिओ पद्धत, पाल ही आपल्याकडची ५० हर्ट्झची). आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे ट्यूबलाइट आणि हलक्या दर्जाचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. कॅमेरा सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवर (चित्रांवर) आणि शटर १/५० सेकंदावर असले, की प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. पण स्लो मोशनसाठी १२० फ्रेम हवे म्हणून कुणीतरी कॅमेरा एनटीएससीवर नेतो (पालमध्ये बहुधा १०० फ्रेमच मिळतात) आणि तसाच परत करतो. पुढच्याचे चित्रण ५९.९४ फ्रेमवर, १/६० शटरने होते आणि हॉलचा उजेड लपलपू लागतो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते जाणवत नाही, घरच्या टीव्हीवर डोळ्यांत खुपते. एडिटिंगमध्ये ते पुरते काढता येत नाही. शिवाय दुसरा कॅमेरा २५ फ्रेमवर असेल तर दोन्हींचे फुटेज जोडताना हालचाल अडखळते. कार्यक्रम सुरू झाल्यावर ही चूक कळली तर फ्रिक्वेन्सीला हात लावू नका, शटर १/१०० करा. लपलप बरीच आटोक्यात येते. फ्रिक्वेन्सी बदलली की कॅमेरा रीस्टार्ट होतो आणि अनेक मॉडेल कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला सांगतात. कार्डावर सकाळच्या हळदीचे फुटेज असेल तर ते आधी उतरवून घ्यावे. स्टेजमागच्या एलईडी वॉलचे पट्टे हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी सोनीत ‘ईसीएस’, पॅनासॉनिकमध्ये ‘सिंक्रो स्कॅन’ असते. पट्टे विरेपर्यंत शटर बारीक बारीक सरकवावे.

दुसरी गोष्ट गॅमाची, म्हणजे उजेड-अंधार चित्रात कसे उतरवायचे त्या सेटिंगची. कॅमेरा लॉगवर (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून मुद्दाम फिक्या ठेवलेल्या गॅमावर) राहिला तर चित्र फिके, राखाडी येते. ते लगेच लक्षात यायला हवे, पण मॉनिटरवर लट (पडद्यापुरते रंग नीट करून दाखवणारी सोय) चालू असेल तर पडद्यावर रंग ठीक दिसतात आणि कार्डावर मात्र लॉगच उतरते. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, मेनू उघडून पाहावे. ज्याला ग्रेडिंग, म्हणजे नंतर रंग सुधारण्याचे काम, करायचे नाही त्याने सरळ बीटी ७०९ या टीव्हीच्या नेहमीच्या गॅमावर राहावे. झेब्रा, म्हणजे ठरावीक उजेडाच्या भागावर पडद्यात दिसणारे पट्टे, तोही किती टक्क्यांवर आहे ते पाहावे. १०० वर असेल तर ती पांढरे जळल्याची सूचना असते, चेहऱ्याचे माप नव्हे. चेहऱ्यासाठी ७० सांगतात, पण सावळ्या चेहऱ्यांना माझ्या मते ५५ ते ६० पुरे. त्यापुढे कांती धुऊन निघते. गेनच्या (चित्राचा उजेड कृत्रिमरीत्या वाढवण्याच्या) एल, एम, एच या खटक्यामागचे आकडेही मेनूत बदलता येतात. एल म्हणजे शून्यच असे धरून चालू नये. ६ डीबी वाढले की उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढतो आणि त्याबरोबर चित्रातले दाणेही.

आवाजाकडे तर सर्वांत कमी लक्ष जाते. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन पातळीची (माइकपेक्षा बऱ्याच जोरकस सिग्नलची) वायर आली आणि इनपुट ‘माइक’वर राहिले, तर आवाज फाटतो. लेव्हलचा नॉब कमी करून काही होत नाही, कारण तो बहुधा नॉबच्या आधीच, प्रीअँपमध्ये (सुरुवातीच्या अँप्लिफायरमध्ये) फाटलेला असतो. इनपुट ‘लाइन’वरच हवे. माइकला वीज पुरवणारे ४८ व्होल्ट चालू राहिले तर मिक्सरच्या आउटपुटला इजा होऊ शकते. चॅनेल एकवर मिक्सर आणि दोनवर कॅमेऱ्याचाच माइक ठेवावा. वायर निघाली तरी मंगलाष्टके हातची जात नाहीत.

भाड्याने देणाऱ्यांना विनंती आहे, की कॅमेरा परत आला की मूळ सेटिंग भरून मगच पुढच्याला द्यावा. ते अवघड नाही. सगळे एकदा नीट लावून ती फाइल कार्डावर सेव्ह करावी आणि दर वेळी तीच लोड करावी. नुसते फॅक्टरी रीसेट करू नये. त्यानंतर फ्रिक्वेन्सी, तारीख आणि वेळ पुन्हा तपासावी लागते. फाइल प्रत्येक मॉडेलची वेगळी करावी, एका मॉडेलची दुसऱ्यावर चालेलच असे नाही. लोड केल्यावरही फ्रिक्वेन्सी, गॅमा आणि ऑडिओ इनपुट ग्राहकाला मेनूत उघडून दाखवावे, आणि दहा सेकंदांचे चित्रण करून हेडफोन लावून ऐकवावे.

– एक व्हिडिओग्राफर, सांगली