चुंबळ वळून होईपर्यंत थांबलेल्या ताईंस

आदरणीय ताई,

ठाण्याच्या वाढीवर आपण मांडलेले प्रदर्शन पाहून पंधरा दिवस होत आले, तरी त्या संध्याकाळचा विषय निघाला की आईचे डोळे भरून येतात आणि माझाही आवाज स्थिर राहत नाही. म्हणून हे पत्र.

आजीची मासळीची पाटी यापूर्वी आम्ही एका संस्थेकडे दिली होती. तेथे ती दीड वर्ष जिन्याखाली पडून राहिली आणि 'ऐतिहासिक मूल्य नाही' असे सांगून, काठाच्या कामट्या मोडलेल्या अवस्थेत परत करण्यात आली. चेंदणी कोळीवाड्यातील एका बाईने जी चाळीस वर्षे डोक्यावरून वाहिली, तिच्याबद्दल हे ऐकताना आईचा झालेला चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणूनच ती आपल्याकडे आणण्यास आई सहजी तयार नव्हती.

शहर कसे वाढले हे सांगताना बहुतेक ठिकाणी रूळ आणि इमारती यांचेच कौतुक होते. १६ एप्रिल १८५३ रोजी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्याला पोहोचली, पुढे वागळे इस्टेट ही कारखान्यांची वसाहत गजबजली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, घोडबंदर रस्त्यालगत संकुले उभी राहिली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १८ लाखांवर गेली, हे आपणही मांडले आहे. (१८६३ पासून नगरपालिका असलेल्या गावाला मुंबईचे उपनगर म्हटलेले आम्हा जुन्या ठाणेकरांना रुचत नाही, पण सकाळी फलाटावर उभे राहिले की वाद घालण्यात अर्थ उरत नाही.) मात्र कोळ्यांना पहिल्या फलकावर 'मूळ रहिवासी' म्हणून उभे करायचे आणि पुढे विसरून जायचे, ही रीत आपण मोडलीत. त्याच रेल्वेच्या लगेजच्या डब्यातून पाट्या घेऊन मुंबईच्या बाजारांत जाणाऱ्या बायका आपण रेल्वेच्याच दालनात आणल्यात, आणि कारखान्यांच्या छायाचित्रांशेजारी खाडीतली निवटी, बोय आणि जिताडा कसे कमी होत गेले तेही लिहिलेत.

तरीही मला मनापासून आभार मानायचे आहेत ते एका लहानशा गोष्टीसाठी. काचेच्या पेटीतली पाटी पाहून आई म्हणाली, की चुंबळीशिवाय, म्हणजे ओझ्याखाली घ्यायच्या कापडी वेटोळ्याशिवाय, पाटी डोक्यावर ठेवतच नाहीत. दुसऱ्या कोणी 'बरं का' म्हणून विषय संपवला असता. आपण पेटीचे कुलूप काढलेत आणि वस्तू गुंडाळण्याचे मांजरपाट पुढे केलेत. कोऱ्या कापडाला पीळ बसत नाही असे आई म्हणाल्यावर, मी घरून तिचे जुने सुती लुगडे घेऊन येईपर्यंत, बंद होण्याची वेळ टळून गेली असतानाही दालनाचे दिवे चालू ठेवलेत. आईने पट्टी फाडली, पीळ दिला, हाताभोवती गुंडाळून टोक आत खोचले आणि माप पाहण्यासाठी आपल्यासमोर येऊन ती हात उचलून थबकली. आपण काही न बोलता तिच्यापुढे मान वाकवलीत. तिने चुंबळ आपल्या केसांवर ठेवली, दोन्ही तळव्यांनी दाबून पाहिली, 'सैल हाय' म्हणत उकलली आणि पुन्हा वळायला घेतली. तिचे समाधान होईपर्यंत आपण तशाच उभ्या होतात.

ज्याला एखादी गोष्ट येते त्याला ती करू द्यावी आणि तोवर थांबावे, एवढे साधे सौजन्य आमच्या वाट्याला किती कमी आले आहे, हे मला त्या संध्याकाळी कळले. आपले पद काय, आपल्या हाती किती अधिकार, यांतले मी काहीच विचारले नाही आणि आपणही सांगितले नाही.

प्रदर्शन संपल्यावर पाटी परत नेण्यासाठी मी येणार नाही. ती आपल्याकडेच राहू द्यावी, असे आईचे म्हणणे आहे. फक्त पावसाळा सरला की चुंबळ एक दिवस उन्हात ठेवावी, नाहीतर बुरशी धरते, एवढे तिने आवर्जून कळवायला सांगितले आहे.

आपला कृतज्ञ,
चेंदणी कोळीवाड्यातील एक ठाणेकर