चिठ्ठीऐवजी बाटल्या मागणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यात तुमच्यापुढे पेशंटची रांग, त्यामुळे माझे आभार दर वेळी दारातच राहतात. म्हणून हे पत्र.

चार वर्षांच्या आर्यनच्या दोन दाढा किडल्या, तेव्हा मी औषध ठरवूनच आले होते. अमेरिकेतल्या नणंदेच्या मुलाला दात किडू नयेत म्हणून देतात ते फ्लोराइडचे थेंब चालू होते, मलाही तेच हवे होते. तुम्ही पेन उचललाच नाही. "हा पाणी कुठलं पितो?" "नळाचं, उजनीचं." "आणि दिवसभर?" तिथं मी अडकले. मी नोकरीला, तो दिवसभर माझ्या आईकडे, अक्कलकोट रोडला. तिथं नळाचं पाणी येईपर्यंत पिंप कोरडं, म्हणून प्यायलाही बोअरचंच.

दुसऱ्या दिवशी मुरंब्याची बरणी घासून पाणी भरून आणली, तर तीही परत! फ्लोराइडच्या नमुन्याला काच चालत नाही, प्लास्टिकची बाटली हवी, बोअर थोडा वेळ सोडून मग भरा. दोन बाटल्यांना पट्ट्या चिकटवून तुम्हीच लिहिलंत, 'आई–नळ', 'आजी–बोअर'. खरं सांगते, तेव्हा तपासणीचे पैसे माझ्या जिवावर आले होते.

नळाच्या पाण्यात फ्लोराइड कमी निघालं, बोअरच्या पाण्यात लीटरला 1.6 मिलिग्रॅम. आपल्याकडची मर्यादा 1, दुसरं पाणीच नसेल तर फार तर 1.5. अमेरिकेतसुद्धा पाण्यात 0.6 च्या वर असेल तर थेंब देत नाहीत, हे तुमच्याकडूनच कळलं. मी हट्टानं ते पाजले असते, तर हिरडीखाली जबड्यात तयार होत असलेल्या पक्क्या दातांवर कायमचे डाग पडू शकले असते. वर आई ते पाणी उकळून द्यायची. जंतू मरतात, पण पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं, हे ऐकून ती दोन दिवस रुसली होती.

आणि कीड कशानं? रात्री साखरेच्या दुधाची बाटली तोंडात धरून झोपण्यानं. ती सवय माझी, पण तुम्ही ओरडला नाहीत. बाटली सुटली. पेस्ट आता वाटाण्याएवढीच, ब्रशभर नाही. नळाच्या पाण्याचा कॅन मी स्कूटीवरून आईकडे पोचवते.

आईनं तुमच्यासाठी शेंगाची चटणी कुटून ठेवलीय. पुढच्या वेळी आणते. डबा स्टीलचा आहे, चालेल ना?

आपली,
आर्यनची आई, सोलापूर