अकरावीच्या त्रिकोणमितीला वेळ द्या

महोदय,

अकरावी विज्ञान शाखेचे गणित सध्या घाईत उरकले जाते. अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात आणि प्रश्नपत्रिकेत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वाटा जेमतेम २० टक्के. त्यामुळे अनेक क्लासेसमध्ये दिवाळीनंतर थेट बारावी सुरू होते. यात नुकसान मुलांचेच आहे.

दहावीपर्यंतची त्रिकोणमिती काटकोन त्रिकोणात अडकलेली असते. अकरावीत ती एकक वर्तुळावर, म्हणजे एक एकक त्रिज्येच्या वर्तुळावर येते. कोन ९० अंशांच्या पुढे जातो, ऋणही होतो. त्रिज्येएवढ्या लांबीचा कंस केंद्राशी जो कोन करतो तो एक रेडियन, हे दोरी आणि बांगडी घेऊन दाखवले तर मुले विसरत नाहीत. कोसाइन (अ वजा ब) चे सूत्र तर दोन बिंदूंमधील अंतरावरून पाच-सात ओळींत सिद्ध होते आणि बाकीची बरीच सूत्रे त्यातूनच निघतात. तरीही विद्यार्थ्यांच्या हाती पडतो तो सूत्रांचा पाठ करायचा तक्ता! बीजगणितात तेच. 'आय'ने, म्हणजे उणे एकच्या वर्गमुळाने, गुणले की संमिश्र संख्या प्रतलावर ९० अंशांत फिरते, हे फळ्यावर काढून दाखवायला कितीसा वेळ लागतो? घरात येणारी ५० हर्ट्झची वीज साइनच्या आलेखासारखी वरखाली होते. अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी त्रिकोणमिती आणि संमिश्र संख्या या दोन्हींची गरज पडते.

कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीच्या गणिताच्या तासिका पूर्ण घ्याव्यात, आणि सीईटीतील अकरावीचा वाटा वाढवण्याचा विचार शासनाने करावा.

– एक गणित शिक्षिका, सातारा