मसुरीच्या रिंकची नोंद व्हायला हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीतील मसुरीवरचा लेख मी फार आवडीने वाचला. केम्प्टीचा धबधबा, गनहिलचा रोपवे, लाल टिब्बा, कंपनी बाग हे सगळे त्यात आले आहे आणि कॅमल्स बॅक रस्त्यावरच्या सकाळच्या फेरफटक्याचे वर्णन तर अगदी मनासारखे उतरले आहे. मात्र हा रस्ता कुलरी बाजाराकडून जिथे सुरू होतो, तिथे शंभराहून अधिक वर्षे उभ्या असलेल्या आणि आता जळून गेलेल्या ‘द रिंक’ या वास्तूविषयी लेखात एक अक्षरही नाही. लेखकाला मी दोष देत नाही. आज तिथे जाणाऱ्या प्रवाशाला ती दिसणारच नाही आणि ती काय होती हे सांगणारेही तिथे आता थोडेच उरले आहेत. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

१७ सप्टेंबर २०२३ च्या रविवारी पहाटे ही इमारत पेटली. गणेश चतुर्थी दोन दिवसांवर आली होती आणि मी माळ्यावरून काढलेला चौरंग पुसत बसले होते. तेवढ्यात देहरादूनला असणाऱ्या भावाचा फोन आला आणि तो एवढेच म्हणाला, “ताई, आपले रिंक गेले.” नंतरच्या बातम्यांत मसुरीतील एका जुन्या हॉटेलला आग लागल्याचे आले. तेही खरेच होते, कारण तोवर तिथे हॉटेल झाले होते आणि त्याच्या दुरुस्तीचे काम चालू होते. लाकूडकाम भरपूर असल्यामुळे आगीला आवर घालणे कठीण गेले. पण त्या हॉटेलचे नाव ‘रिंक’ का होते, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही वास्तू उभी राहिली, तीच मुळी चाकांचे स्केट्स बांधून फिरण्यासाठी. लाकडी जमिनीचे एवढे मोठे छपराखालचे रिंक आशियात दुसरे नाही, असे मसुरीकर अभिमानाने सांगत असत.

थंड हवेच्या गावात बर्फावरच्या स्केटिंगऐवजी चाकांवरचे स्केटिंग का रुजावे, असे सपाटीवर राहणाऱ्यांना वाटू शकते. मसुरी सुमारे २,००० मीटर उंचीवर, एका डोंगराच्या धारेवर वसलेली आहे. तिथे सपाट जागा म्हणून नाहीच. घरातून बाहेर पडले की एक तर चढायचे किंवा उतरायचे. आमच्या ओळखीच्या पहाडी कुटुंबांतली मुले दहा-बारा वर्षांची झाली तरी त्यांनी सायकल चालवलेली नसे, कारण चालवायची कुठे? त्यात जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस आणि धुके असे की समोरचे दुकान दिसत नाही. बर्फ पडतो तो हिवाळ्यात, आणि तेव्हा साहेबांचा मोसम संपून गाव रिकामे झालेले असे. अशा गावात कोणी तरी छपराखाली एवढे मोठे पटांगण लाकडी फळ्यांनी तयार केले, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. रेल्वे देहरादूनपर्यंत आली ती १९०० मध्ये. त्या आधीची वाट म्हणजे राजपूरहून घोड्यावर, डांडीत (माणसांनी खांद्यावर वाहून न्यायच्या खुर्चीत) किंवा पायी वर चढणे. लाकूड, लोखंड, काच असे जे काही सामान वर गेले असेल, ते माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून गेले असणार.

या खेळाचा मागचा इतिहासही थोडा सांगायला हवा. चाकांचे स्केट्स अठराव्या शतकातच लंडनमध्ये आले होते. जोसेफ मर्लिन नावाचा एक कल्पक कारागीर ते पायांत घालून, व्हायोलिन वाजवत एका मेजवानीत शिरला आणि थांबता न आल्यामुळे मोठ्या किमती आरशावर जाऊन आदळला, अशी कथा सांगतात. थांबता न येणे आणि वळता न येणे ही त्या स्केट्सची खरी अडचण होती आणि ती पुढची शंभरएक वर्षे सुटली नाही. १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन यांनी चार चाकांच्या दोन जोड्या रबरी गादीवर अशा बसवल्या, की ज्या बाजूला शरीराचा भार टाकावा त्या बाजूला चाके आपोआप वळतात. या एका युक्तीने स्केटिंग सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. १८६६ मध्ये त्यांनी न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी एका हॉटेलचे भोजनगृह रिकामे करून तिथे रिंक केले. एका हॉटेलच्या पोटात जन्मलेली ही कल्पना मसुरीत शेवटी हॉटेलच्याच पोटात गडप झाली, हे लिहिताना मला वाईट वाटते. पुढे १८७० च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये रिंकचे अक्षरशः वेड पसरले, १८८४ मध्ये चाकांत छर्ऱ्यांचे बेअरिंग आले, आणि इंग्रज हा खेळ आपल्या थंड हवेच्या गावांत घेऊन आले. दार्जिलिंगमध्येही रिंक होते. तिथे नंतर चित्रपटगृह झाले, आता मॉल आहे, आणि नाव मात्र अजूनही ‘रिंक’ असेच आहे. त्या नावाचा अर्थ आज तिथे खरेदी करणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल!

साहेब गेला आणि रिंक गावाचे झाले, हा मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. कुलरीतल्या दुकानदारांची, हॉटेलांत राबणाऱ्यांची, शाळांतल्या शिपायांची मुले तिथे तयार झाली. अखिल भारतीय स्पर्धा तिथे भरत. कुस्ती आणि मुष्टियुद्धाचे सामने होत, नाटके आणि गाणीही होत, कारण एवढी माणसे छपराखाली मावतील अशा जागा गावात मोजक्याच होत्या. १९७५ मध्ये मसुरीच्या पाच तरुणांनी स्केट्सवर थेट दिल्ली गाठली. मसुरीहून देहरादूनपर्यंतचा घाटरस्ताच सुमारे ३५ किलोमीटरचा आहे. लोखंडी पट्ट्यांचे स्केट्स पायांत घालून तो घाट उतरायचा आणि मग साध्या डांबरी रस्त्याने, ट्रक-बसच्या गर्दीतून पुढचे अडीचशे किलोमीटर काटायचे, याची कल्पना आजच्या मुलांना करून द्यावी लागेल. आमच्या देहरादूनच्या शाळेत त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. मधल्या सुट्टीत मुले साध्या चपलांनीच व्हरांड्यातून घसरत असत.

माझे वडील देहरादूनला सर्वेक्षण खात्यात नोकरीला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा भावंडांना महिनाभर मसुरीत वडिलांच्या एका स्नेह्यांकडे पाठवत. रिंकच्या दारातून आत शिरले की पहिल्यांदा आवाज अंगावर येई. धातूची चाके फळ्यांवरून फिरू लागली की तो आवाज छपरापर्यंत चढे, आणि पन्नास-साठ जण एकाच वेळी फिरत असले तर शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागे. स्केट्स भाड्याने मिळत. ते बुटांवरूनच चढवायचे. पुढच्या बाजूला दोन लोखंडी पकडी असत आणि त्या एका छोट्या चावीने फिरवून बुटाच्या तळव्यावर घट्ट बसवाव्या लागत. घोट्यापाशी चामड्याचा पट्टा असे. ज्या वयस्क गृहस्थांनी आम्हाला शिकवले, त्यांना सगळे जण मास्टरजी म्हणत. ते आधी गुडघ्यावर बसून प्रत्येक मुलाचा पट्टा स्वतः ओढून पाहत आणि मगच कठडा सोडायला सांगत. “गिरना सीखो, चलना अपने आप आ जाएगा,” असे त्यांचे पहिले वाक्य असे आणि पहिला अख्खा तास ते खरोखरच नुसते पडायला शिकवत: गुडघे वाकवून, अंग सैल सोडून, हाताची बोटे मुठीत मिटून. बोटे मिटायची ती यासाठी, की मागून येणाऱ्याचे चाक त्यांवरून जाऊ नये. मी आज साठी ओलांडली आहे, पण ओल्या फरशीवर पाय घसरलाच तर मुठी अजूनही आपोआप मिटतात.

सगळे जण एकाच दिशेने फिरत. दिशा उलटवायची असली की मास्टरजी शिटी वाजवत आणि मग क्षणभर सारे रिंक थबकून उलटे फिरू लागे. इंग्रजी शाळांतल्या वसतिगृहाची मुले, पंजाबातून मोसमासाठी आलेली व्यापारी कुटुंबे, गढवाली पोरे आणि आम्ही मराठी भावंडे, सगळी त्याच एका वर्तुळात असू. तिथे पैशाने कोणाची गती वाढत नसे. सर्वांत सुंदर स्केटिंग करणारा मुलगा दिवसभर बाजारात सामान पोहोचवण्याचे काम करी आणि संध्याकाळी फळ्या झाडण्याच्या बदल्यात त्याला फुकट फिरायला मिळे. एका पायावर, मागे पाहत, हात पाठीशी बांधून तो कठड्याच्या कडेकडेने असा जाई की बाकांवर बसलेली माणसे बोलणे थांबवून पाहत राहत.

रिंक का बंद पडले, याचे उत्तर मी कोणा एका माणसाच्या माथी मारू इच्छित नाही. एवढे मोठे दालन तीन महिन्यांच्या मोसमावर वर्षभर जगवायचे, दर पावसाळ्यानंतर फुगलेल्या फळ्या काढून नव्या बसवायच्या, छप्पर गळू द्यायचे नाही, आणि तिकीट मात्र मुलांना परवडेल एवढेच ठेवायचे, हे गणित खासगी मालकाला फार काळ सुटणारे नव्हते. तेवढ्याच जागेत खोल्या काढल्या तर उत्पन्न अनेक पटींनी वाढते, हे मोटारींनी येणाऱ्या पर्यटकांच्या गर्दीने दाखवून दिले. खेळही बदलला. एका रांगेत चाके असलेले स्केट्स आले आणि शर्यती मोठ्या, कडेने उंच होत जाणाऱ्या ट्रॅकवर होऊ लागल्या. जुन्या लाकडी दालनात त्या वेगाला जागा नव्हती. पण नगरपालिका, राज्य शासन, खेळाच्या संघटना यांपैकी कोणीही या वास्तूकडे वारसा म्हणून पाहिले नाही, ही खंत मात्र मी लपवणार नाही. पर्वतीय गावांतल्या वारशाचा विचार करताना आपण चर्च, दफनभूमी आणि साहेबांचे बंगले मोजतो. गावची पोरे जिथे वाढली, ती जागा त्या यादीत चढत नाही.

आग लागल्यानंतर बरोबर १५ दिवसांनी, २ ऑक्टोबर २०२३ रोजी, चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ३,००० मीटर स्केटिंग रिलेमध्ये भारताच्या महिलांना आणि पुरुषांना कांस्यपदके मिळाली. पुरुषांच्या चमूत आपल्या महाराष्ट्राचे सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीवर ती मुले एकमेकांच्या पाठीला हात लावून पुढे ढकलत होती, तेव्हा मला आनंदाने रडू आले. या मुलांचा मसुरीशी काही संबंध नाही, हे मला कळते. ती सिमेंटच्या ट्रॅकवर, त्यांच्या आईवडिलांच्या पहाटेच्या धावपळीतून घडली. पण या देशात स्केटिंग नावाचा खेळ जिवंत राहिला, तो मसुरीसारख्या दोन-चार गावांतल्या हौशी लोकांनी आणि मास्टरजींसारख्या शिक्षकांनी तो धरून ठेवला म्हणून. बेळगावच्या लहान मुलांनी मोटारींच्या खालून, जमिनीला जवळजवळ पोट टेकवून स्केट्सवर जाण्याचे जे विक्रम केले, त्यांचे आपण कौतुक केले. त्याच खेळाच्या आपल्या देशातील सर्वांत जुन्या घरांपैकी एक घर जळाले, त्याची बातमी मात्र केवळ ‘हॉटेलला आग’ एवढीच राहिली.

आता विनंती. मराठी माणसे मसुरीला आणि देहरादूनला पिढ्यान्पिढ्या गेली आहेत. सर्वेक्षण, वनसंशोधन, तेल आयोग, सैन्य यांतल्या नोकऱ्यांसाठी गेली, १९५९ पासून मसुरीच्या प्रशासन अकादमीत प्रशिक्षणासाठी गेली आणि मधुचंद्राला तर असंख्य जोडपी गेली. त्यांतल्या कित्येकांनी रिंकवर स्केट्स बांधून फोटो काढून घेतले असतील. बहुतेक फोटोंत पुढे माणसे असतात आणि मागे कठडा, फळ्या, छताच्या तुळया, खिडक्या असतात. आता ती वास्तू पुन्हा पाहायची तर अशा फोटोंच्या मागच्या बाजूलाच शोधावी लागेल. आपण आपल्या वाचकांना असे फोटो आणि आठवणी पाठवण्याचे आवाहन करावे आणि शक्य असेल तर त्यांतले निवडक पुरवणीत छापावेत. फोटोच्या मागे साल लिहिलेले असेल, तर तेही कळवायला सांगावे. जमा झालेला संग्रह मसुरीतील एखाद्या वाचनालयाकडे किंवा शाळेकडे पोहोचवण्याचा खर्च आणि खटपट मी आनंदाने करीन.

माझ्याकडचे दोन फोटो या पत्रासोबत पाठवत आहे. एकात माझा धाकटा भाऊ कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा आहे आणि त्याच्या पाठीमागे, थोडे अस्पष्ट, एका पायावर वळणारा तो सामान पोहोचवणारा मुलगा आला आहे. दुसरा आमच्या निघण्याच्या दिवसाचा आहे. त्या दिवशी मास्टरजींनी माझ्या हातात स्केट्सची एक जुनी चावी ठेवली आणि पुढच्या वर्षी येताना घेऊन ये म्हणाले. त्याच वर्षी वडिलांची बदली झाली. चावी अजून माझ्या देव्हाऱ्याच्या खणात आहे. संग्रह झाला, तर ती त्यातली पहिली वस्तू म्हणून द्यावी अशी माझी इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे